सोवळ्यांतलें सौंदर्य

सुशिक्षित घरांत कलेला जी जागा मिळते ती बहुधा दिवाणखान्यांत मिळते. भिंतीवर टांगण्याजोगें चित्र, पाहुण्यांसमोर लावण्याजोगें गाणें, मुलांना निर्धास्तपणें दाखवितां येईल असा चित्रपट, अशी आपली निवड असते. आणि या निवडीला आपण 'अभिरुचि' असें भारदस्त नांव देतों. दिवाणखान्याविषयीं माझी तक्रार नाहीं. तक्रार आहे ती दिवाणखान्याच्या मापानें सबंध कलेला मोजण्याच्या सवयीविषयीं. जें तेथें मावत नाहीं तें सुंदर नव्हे, जें चारचौघांत पाहतांना अवघडल्यासारखें होतें तें शिष्टसंमत नव्हे, आणि जें सुंदरहि नाहीं व शिष्टसंमतहि नाहीं त्याला कला म्हणणें हें पश्चिमेकडून आलेलें एक खूळ होय, अशी ही विचारसरणी आहे. तिच्या मुळाशीं सौंदर्याची जी कल्पना आहे तिला मी सोवळ्यांतलें सौंदर्य म्हणतों. शिवलें कीं विटाळणारें, म्हणून दुरूनच पाहावयाचें!

या सोवळ्याचा सर्वांत मोठा रोष आहे तो प्रयोगशील लघुपटावर. पांचदहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालणारे, धंद्याच्या हिशेबांत न बसणारे आणि गोष्ट सांगितलीच पाहिजे ही सक्ती न मानणारे हे चित्रपट आतां घरबसल्या पाहावयास मिळतात. त्यामुळें त्यांच्यावरचे आरोपहि घरोघर ऐकूं येतात. आरोप तीन आहेत. हे चित्रपट कुरूपतेची पूजा करतात, हा पहिला. माणसाच्या आयुष्यांत जें झांकून ठेवावयाचें तें ते चव्हाट्यावर आणतात, हा दुसरा. त्यांना शेंडा ना बुडखा, म्हणजे कथा नाहीं, हा तिसरा. या तिहींचें उत्तर देणें हा या लेखाचा हेतु आहे. वाद हवेंत होऊं नये म्हणून दोन प्रत्यक्ष लघुपट वाचकांपुढें ठेवतों. एक इराणी, एक अमेरिकन.

पहिला 'खाने सियाह अस्त', म्हणजे 'घर काळें आहे'. इराणची कवयित्री फरूग फर्रुखजाद हिनें तो १९६२ सालीं तब्रीझ शहराजवळील बाबाबागी येथल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत अवघ्या बारा दिवसांत चित्रित केला. लांबी सुमारें वीस मिनिटें, चित्र कृष्णधवल, निर्माता इब्राहिम गुलिस्तान. कुष्ठरोग्यांना साहाय्य करणाऱ्या एका संस्थेसाठीं हें काम निघालें होतें. म्हणजे एरव्हीं त्यांतून लोकांच्या मनांत कणव उत्पन्न करून देणग्या गोळा करणारें एखादें माहितीचित्र निघावयाचें. निघालें तें निराळेंच. पांच वर्षांनीं, १९६७ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं ही कवयित्री मोटारीच्या अपघातांत गेली. तिच्या नांवावर दिग्दर्शनाची एवढी एकच कृति राहिली. पण जगांतील उत्तम लघुपटांची यादी करतांना तिला वगळून पुढें जाणें कोणाहि जाणत्याला आज शक्य नाहीं.

आरंभीं पडदा काळा असतो. एक पुरुषी आवाज सांगतो कीं, जगांत कुरूपतेला तोटा नाहीं, आणि माणसानें डोळे मिटून घेतले तर ती वाढेलच. मग एक स्त्री दिसते. रोगानें तिचा चेहरा विस्कटून गेला आहे. ती आरशांत पाहत आहे आणि कॅमेरा हळूहळू तिच्या जवळ जात आहे. बस्स, एवढेंच. भयपटांत भेसूर चेहरा एकदम अंगावर येतो, आपण दचकतों, आणि दचकण्याचेच पैसे दिलेले असल्यामुळें संतुष्ट होऊन घरीं जातों. येथें कोणी अंगावर येत नाहीं. उलट आपणच जवळ जात आहों, तेंहि सावकाश, आणि जिच्याकडे जात आहों ती आपणांस दाखविण्यासाठीं उभी नाहीं. ती आपल्याच प्रतिमेकडे पाहत आहे. आरशापुढें उभें राहणाऱ्या कोणत्याहि स्त्रीचें हें रोजचें कृत्य आहे. आपण तिला पाहत नाहीं, तिच्या पाहण्यांत सामील होतों. एका क्षणापूर्वीं ज्याला आपण 'रोग' म्हणालों असतों त्याला आतां 'ती' म्हणावें लागतें. व्याकरणांत झालेला हा फरकच त्या दृश्याचें सौंदर्य होय.

पुढें सारा चित्रपट याच रीतीनें चालतो. कोणी केस विंचरतें, कोणाच्या डोळ्यांत सुरमा घातला जातो, आई मुलाला पाजते, मुलें चेंडू खेळतात, लग्नाच्या निमित्तानें वाद्यें वाजतात. वसाहतीच्या शाळेंत मास्तर एका मुलाला सुंदर वस्तूंचीं नांवें विचारतात. मुलगा चंद्र, सूर्य, फूल, खेळ अशीं नांवें सांगतो. दुसऱ्याला कुरूप वस्तूंचीं नांवें विचारतात. तो म्हणतो: हात, पाय, डोकें. आणि सगळा वर्ग खदखदून हंसतो. आमच्या महाविद्यालयांत हा लघुपट दाखविला तेव्हां आरंभींच्या दृश्याला बऱ्याच माना खालीं गेल्या होत्या. या ठिकाणीं येईतों त्याच माना वर झाल्या होत्या, आणि पडद्यावरच्या वर्गाबरोबर समोरचा वर्गहि हंसत होता. त्या हंसण्यांत टवाळी नव्हती. वीस मिनिटांच्या आंत परकेपणा कोठें तरी गळून पडला होता. यालाच जर कुरूपतेची पूजा म्हणावयाचें असेल, तर ज्या सौंदर्यपूजेनें असें कधींच कांहीं घडत नाहीं तिचें काय करावें?

विरूप देह समोर आला असतां आपल्या परंपरेनें दोन वाटा काढून ठेवल्या आहेत. पहिली कुब्जेची. भागवताच्या दशम स्कंधांत, मथुरेच्या रस्त्यावर, तीन ठिकाणीं वांकलेली एक दासी कृष्णाला उटी देते. कृष्ण तिच्या पायांवर आपला पाय ठेवतो, हनुवटीला दोन बोटें लावून तिला वर उचलतो, आणि ती सरळ व सुंदर होते. कथा मोठी गोड आहे; पण तिचा क्रम ध्यानांत घ्यावा. आधीं कुबड जातें, मग ती त्याला घरीं बोलावते. कुबडासकट कुब्जेचें काय, हा प्रश्न कथेला पडत नाहीं. दुसरी वाट अष्टावक्राची. आठ ठिकाणीं वांकडा देह घेऊन तो जनकाच्या सभेंत आला, पंडित हंसले, आणि प्रचलित कथेप्रमाणें त्यानें त्यांना सुनावलें कीं, तुम्हांला कातडें तेवढें दिसतें, आत्मा दिसत नाहीं. उत्तर बिनतोड आहे. पण देहाला वगळूनच तें मिळविलेलें आहे. एका वाटेनें देह सरळ करून घ्यावयाचा, दुसरीनें तो जमेंतच धरावयाचा नाहीं! वांकडा देह वांकडाच राहून, देह म्हणूनच, प्रिय होऊं शकतो, ही तिसरी वाट या दोन्ही कथांत नाहीं.

फर्रुखजाद या तिसऱ्या वाटेनें जाते. ती कोणाचा चेहरा सरळ करीत नाहीं आणि चेहऱ्याकडे दुर्लक्ष करून आत्म्याकडे पाहा असाहि उपदेश करीत नाहीं. रोग बरा होण्याजोगा आहे हें तिचा चित्रपट स्पष्ट सांगतो, उपचार चाललेले दाखवितो. तेव्हां रोगाचें कौतुक त्यांत नाहीं. कौतुक आहे तें माणसाचें, आणि त्या कौतुकासाठीं रोग हटेपर्यंत थांबावें असें तिला वाटत नाहीं. ही वाट सर्वस्वी परकी आहे असेंहि कोणीं समजूं नये. पंढरीच्या मूर्तीचें रूप शिल्पशास्त्राच्या प्रमाणांनीं मोजून कोणी वारकरी तिच्या पायां पडत नाहीं. दुरून मुखदर्शन होतें, पण वारकऱ्याचें समाधान पायांवर डोकें ठेवल्यावर होतें. रूप सुंदर आहे हें त्याला स्पर्शानें कळतें. या स्पर्शाला महाराष्ट्रानें केवढें कुंपण घातलें होतें आणि तें काढण्यासाठीं १९४७ सालीं साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावें लागलें, हेंहि त्याबरोबरच आठवावें. सोवळें हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाहीं.

साहित्यशास्त्र जाणणारे येथें एक शंका काढतील. भरतमुनींनीं आठ रसांत बीभत्साला स्थान दिलेंच आहे, मग या चित्रपटानें नवें तें काय केलें? शंका विद्वत्तेची आहे, पण गैरलागू आहे. बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा. प्रेक्षकाला किळस वाटावी आणि ती आस्वाद्य व्हावी, हें त्या रसाचें कार्य. येथें घडतें तें याच्या उलट. किळस पहिल्या मिनिटांत येते आणि मग विरत जाते. ती विरते याचें कारण कॅमेरा नजर काढून घेत नाहीं. आपली किळस ही बहुतेक वेळां अर्धवट पाहण्याची किळस असते. रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाकडे आपण जें अर्धें क्षणभर पाहतों आणि मान वळवितों, तिची. पुरतें पाहिलें कीं जुगुप्सेला उभें राहण्यास जागा उरत नाहीं. म्हणून माझें म्हणणें असें कीं, सौंदर्य ही वस्तूची वडिलोपार्जित मिळकत नव्हे. तें जवळ जाण्याच्या तयारीवर मिळणारें फळ आहे. गुलाबाच्या बाबतींत ही तयारी फारशी लागत नाहीं, म्हणून आपण समजतों कीं ती कधींच लागत नाहीं.

आतां दुसरा आरोप, खासगी गोष्टी चव्हाट्यावर आणण्याचा. येथें मी दुसरा लघुपट घेतों. अमेरिकेंतील स्टॅन ब्रॅखेज याचा 'विंडो वॉटर बेबी मूव्हिंग' हा लघुपट १९५९ सालचा. तो सुमारें बारातेरा मिनिटांचा, रंगीत आणि सर्वस्वी निःशब्द आहे. विषय आहे ब्रॅखेजच्या पत्नीचें, जेनचें, पहिलें बाळंतपण. खिडकींतून आलेलें ऊन, टबांतलें पाणी, त्यांत बसलेल्या जेनचें भिजलेलें भरलें पोट, त्यावर ठेवलेला हात. मग वेणा, मग जन्म, आणि मधूनमधून पुन्हां तें ऊन व तें पाणी. जन्म कांहींहि न झांकतां दाखविला आहे. आमचे टीकाकार या ठिकाणीं उठून उभे राहतात. 'हें दाखविण्याची गरज काय?' असा त्यांचा प्रश्न असतो.

प्रश्न विचारणाऱ्यांनीं आपल्या आज्यांच्या काळची बाळंतिणीची खोली आठवावी. घरांतील सर्वांत अंधारी, वारा न येणारी ती खोली; दहा दिवसांचें सोयर; आणि बाराव्या दिवशीं त्याच मुलाला पाळण्यांत घालून म्हटलेलीं गाणीं. मूल मंगल आणि मुलाचें येणें मात्र अमंगल! ज्या क्षणीं स्त्रीला सर्वांत अधिक सोबत हवी, त्या क्षणीं आपण तिला दाराआड ठेवून त्याला मर्यादा म्हटलें. ब्रॅखेज त्या दाराच्या आंत गेला आहे. आणि शेवटाकडे एक विलक्षण गोष्ट घडते. जेन नवऱ्याच्या हातांतला कॅमेरा घेते आणि त्याचा आनंदानें भारावलेला चेहरा टिपते. इतका वेळ जिला पाहिलें जात होतें ती आतां पाहते आहे. त्या चेहऱ्याखेरीज चित्रपट अपुरा राहिला असता. पाहणारा एक आणि पाहिली जाणारी दुसरी, ही नेहमींची विभागणी त्या ठिकाणीं मोडते.

खासगीपणा आणि जवळीक या दोन गोष्टींची आपण गल्लत करतों. खासगीपणा भिंतीनें राखतां येतो. जवळीक भिंतीनें उत्पन्न होत नाहीं. एकाच छपराखालीं तीस वर्षें नांदलेल्या आणि एकमेकांचा थकलेला देह कधीं धडपणें न पाहिलेल्या जोडप्यांना मर्यादाशील म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. मी त्यांना एकाकी म्हणतों. अश्लीलतेची व्याख्याहि यावरूनच करावी. जेथें पाहणारा स्वतः अदृश्य राहतो आणि पाहिलेलें माणूस केवळ वस्तु होऊन राहतें, तेथें अश्लीलता सुरू होते. मग त्या माणसाच्या अंगावर वस्त्रें किती का असेनात. या कसोटीला ब्रॅखेजचा लघुपट उतरतो. उतरत नाहींत ते आपल्या दिवाणखान्यांत रोज चालणारे, अर्ध्या मिनिटाचे, दुसऱ्या जातीचे लघुपट. त्यांना आपण जाहिराती म्हणतों. १९७५ सालीं भारतांत 'फेअर अँड लव्हली' नांवाचें मलम बाजारांत आलें, आणि पुढें चार दशकांहून अधिक काळ सांवळ्या मुलीला लग्न नाहीं, नोकरी नाहीं, मान नाहीं, हें त्याच्या जाहिरातींनीं घराघरांतील सांवळ्या मुलींना त्यांच्या आईबापांच्या देखत सांगितलें. २०२० सालीं मलमाचें नांव बदललें. त्या काळांत किती सुशिक्षित घरांनीं मुलांच्या डोळ्यांवर हात ठेवले? जन्म पाहून ज्यांना लाज वाटते त्यांना हें पाहून वाटली नाहीं, यावरून आपली लाज कोठें राहते हें कळावें.

शिवाय 'झांकली मूठ सव्वा लाखाची' हा न्याय कलेला लावणारांचा इतिहास फारसा उजळ नाहीं. बा. सी. मर्ढेकरांच्या 'कांहीं कविता' या १९४७ सालच्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. कवि निर्दोष सुटला. आज तो विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहे, आणि ज्यांनीं नाकें मुरडलीं त्यांचीं नांवें शोधून काढावीं लागतात.

याचा अर्थ प्रयोगाच्या नांवाखालीं जें जें येतें तें तें मी डोक्यावर घेतों असा नव्हे. १९२९ सालीं बुन्युएल आणि दाली यांनीं 'अँ शियाँ आंदालू' हा लघुपट काढला. त्याच्या आरंभीं वस्तऱ्यानें डोळा चिरल्याचें दृश्य आहे. प्रत्यक्षांत तो मेलेल्या जनावराचा डोळा होता. सुखवस्तु प्रेक्षकांची झोप मोडण्याचा त्या दोघांचा हेतु होता आणि त्या काळीं तो सफळहि झाला. पण त्यांच्यामागून वस्तरा तेवढा उचलणाऱ्या अनुयायांची जी रांग लागली ती अद्याप संपलेली नाहीं. रक्त दाखविलें कीं धैर्य, नग्नता दाखविली कीं मोकळेपणा, आणि कांहींच कळेनासें केलें कीं खोली, असा त्यांचा समज असतो. धक्का आणि जवळीक यांत भेद आहे, आणि तो ओळखण्याची एक सोपी खूण आहे. लघुपट दुसऱ्यांदा पाहावा. धक्का दुसऱ्या खेपेस ओसरतो. जवळीक दुसऱ्या खेपेस वाढते. वस्तऱ्याची दहशत दुसऱ्यांदा उरत नाहीं. आरशापुढची ती स्त्री दुसऱ्यांदा भेटते तेव्हां ओळखीची झालेली असते.

तिसरा आरोप कथेच्या अभावाचा. 'घर काळें आहे' या चित्रपटांत एक माणूस भिंतीच्या कडेनें येरझारा घालतांना दिसतो. जातांना हातानें भिंतीला स्पर्श करतो, वळतो, पुन्हां येतो. आणि कवयित्रीचा आवाज आठवड्याचे वार म्हणत राहतो. शनिवार, रविवार, सोमवार, आणि पुन्हां तेच. हा माणूस कोण, कोठून आला, त्याच्या घरीं कोण होतें, हें चित्रपट सांगत नाहीं. सांगितलें असतें तर आपण गोष्टीच्या मागें लागलों असतों. त्याची बायको परत येते कीं नाहीं याची काळजी करीत बसलों असतों आणि तो स्वतः आपल्या नजरेंतून निसटला असता. कथा उत्कंठा देते, आणि उत्कंठेची नजर नेहमीं पुढच्या क्षणावर असते. ज्याच्या आयुष्यांत पुढचा क्षण मागच्यासारखाच आहे त्या माणसाला पाहण्यासाठीं कथेला रजा द्यावी लागते. तेथें वार मोजणें हीच त्याची कथा होय, आणि ती दोन तास लांबविली असती तर असह्य होऊन आपण उठून गेलों असतों. लघुपट लहान असतो तो खर्चाच्या टंचाईमुळें तेवढा नव्हे. कांहीं दृष्टिक्षेप तेवढाच वेळ टिकवितां येतात म्हणून.

कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा फडके-खांडेकरांच्या नांवानें गाजलेला वाद आपल्या पिढीनें परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून इतका घोटला कीं, त्यांतील रस सारा निघून गेला. त्या वादांत दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट गृहीत धरली होती: रचनेचें सौंदर्य एकीकडे आणि जीवनाचें दुःख दुसरीकडे, आणि कलावंतानें कोणाकडे झुकावें एवढाच प्रश्न. फर्रुखजादची ती भिंत आणि ते वार या विभागणींत बसत नाहींत. आवृत्ति, लय, विराम हे तेथें रचनेचे गुण आहेत आणि त्याच वेळीं त्या माणसाच्या बंदिवासाचें वर्णनहि आहे. एक काढून घेतलें तर दुसरें उरत नाहीं.

एक आक्षेप मात्र याहून गंभीर आहे. या रोग्यांच्या चेहऱ्यांवर कवयित्रीनें आपली कीर्ति उभी केली नाहीं काय? ज्यांना वसाहतीबाहेर जाण्याची मोकळीक नव्हती त्यांच्या संमतीला अर्थ काय? प्रश्न रास्त आहे आणि कोणत्याहि कॅमेऱ्याला तो विचारला पाहिजे. पण मग तो देणगीच्या पत्रकावर छापलेल्या केविलवाण्या चेहऱ्यालाहि विचारावा. तेथें तो कोणी विचारीत नाहीं, कारण दया दाखविणाऱ्याला संमतीची गरज भासत नाहीं. फर्रुखजादनें वसाहतींतील कुष्ठरोगी आईबापांचा एक मुलगा आपल्या घरीं आणला आणि सांभाळला. एवढ्यानें ती सर्व दोषांतून मुक्त होते असें मी म्हणत नाहीं. पण तिचें पाहणें प्रवाशाचें नव्हतें इतकें त्यावरून खास म्हणतां येतें. आणि चित्रपटाच्या शेवटीं ती प्रेक्षकाला सुटूं देत नाहीं. वसाहतीचें फाटक बंद होतें, आणि रोगी आंत राहतात. फळ्यापाशीं उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याला 'घर' हा शब्द घालून वाक्य लिहावयास सांगितलेलें असतें; तो लिहितो तें वाक्यच चित्रपटाचें नांव आहे. फाटक कोणीं बंद केलें हें चित्रपट सांगत नाहीं. बाहेर कोण आहे हें प्रेक्षकाला ठाऊक असतें.

हें सारें इराणचें म्हणून बाजूला ठेवण्याचा मोह वाचकांनीं आवरावा. सेवाग्रामचें एक छायाचित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. कुष्ठरोगानें पीडित झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांची गांधीजी स्वतः शुश्रूषा करीत आहेत. तें चित्र थोर आहे यांत शंका नाहीं. पण तें पाहतांना आपण कोणाकडे पाहतों? गांधीजींकडे. त्यांच्या करुणेनें आपला ऊर भरून येतो, आणि शास्त्रीबोवा त्या करुणेचें निमित्त होऊन राहतात. त्यांच्या मुद्रेवर काय होतें, हें चित्राकडे पुन्हां न पाहतां किती जणांना सांगतां येईल? वरोऱ्याचें आनंदवन, अमरावतीचें तपोवन, वर्ध्याजवळचें दत्तपूर, हीं नांवें महाराष्ट्र अभिमानानें घेतो, आणि घेतलींच पाहिजेत. तथापि या अभिमानांतहि आपली नजर सेवकावर खिळलेली असते. सेवेचा गौरव करणें सोपें असतें. सेव्याच्या डोळ्याला डोळा देणें कठीण असतें. हें दुसरें काम छायाचित्रानें आणि चरित्रानें झालें नाहीं. तें लघुपटासारख्या हट्टी, सावकाश माध्यमाचें काम आहे.

त्यांत नुसता रसिकतेचा प्रश्न नाहीं, हें कायद्याच्या पुस्तकावरून दिसेल. निराधार कुष्ठरोग्यांना पकडून वेगळें ठेवण्याची मुभा देणारा १८९८ सालचा इंग्रजी अंमलांतील कायदा आपण २०१६ सालीं रद्द केला. त्याहून बोलकी गोष्ट विवाहाची. जोडीदाराला कुष्ठरोग असणें हें घटस्फोटाचें एक कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांत होतें. तें काढून टाकणारी दुरुस्ती २०१९ सालीं झाली. जागतिक आरोग्य संघटनेनें बहुविध औषधांच्या उपचाराची शिफारस १९८१ सालीं केली होती, आणि त्या उपचारानें रोग पुरता बरा होतो. म्हणजे औषध आल्यावर सुमारें अडतीस वर्षें, बऱ्या होणाऱ्या रोगासाठीं नवऱ्याला बायको सोडण्याची आणि बायकोला नवरा सोडण्याची वाट कायद्यानें उघडी ठेवली होती. हीं अडतीस वर्षें जिवाणूंनीं घेतलीं नाहींत. आपल्या डोळ्यांनीं घेतलीं. आजहि हा रोग इतिहासजमा झालेला नाहीं. २०२२ सालीं एकट्या भारतांत एक लाखाहून अधिक नवे रोगी आढळले. त्यांतील प्रत्येक जण कोणाच्या तरी घरांतला आहे. औषध त्यांना सरकार देतें. त्यांच्या चेहऱ्याकडे न बिचकतां पाहण्याचें काम कोणत्याहि खात्याकडे सोंपवितां येत नाहीं.

म्हणून प्रयोगशील लघुपटाची मी जी तरफदारी करतों ती नव्या फॅशनची तरफदारी नव्हे. पुण्यांत ज्या आवारांत प्रभातचे चित्रपट झाले तेथेंच १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली आणि १९६४ सालीं त्याच शहरांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. मुंबईंत तर १९४८ सालापासून लघुपटांचें एक सबंध सरकारी खातें होतें. या कलाप्रकाराला आपल्याकडे घर नव्हतें असें नाहीं; घरांत प्रेक्षक नव्हता. महाविद्यालयांनीं, चित्रपटमंडळांनीं आणि ज्या घरांत मासिकें वाचलीं जातात त्या घरांनीं हे लघुपट मुद्दाम पाहावेत, एकट्यानें चोरून नव्हे तर वयांत आलेल्या मुलांमुलींसह पाहावेत, आणि पाहून झाल्यावर अवघडलेपणा लपवूं नये. अवघडलेपणा हा दोष नव्हे. आपण आजवर किती दूर उभे होतों याचें तें माप आहे, आणि माप कळल्याखेरीज अंतर कमी होत नाहीं.

टीकाकार म्हणतील, असें पाहून अभिरुचि बिघडेल. बिघडूं द्यावी. जी अभिरुचि घरांतल्या सांवळ्या मुलीला, बाळंतिणीला, आजाऱ्याला आणि म्हाताऱ्याला क्षणभर पुरतें पाहूं देत नाहीं, ती टिकवून आपण सुंदराची सेवा करीत नाहीं. आपण फक्त सोवळें सांभाळतों.